व्हिडिओ गेम, मॉनिटर आणि मुलांचे डोळे

सुट्या लागल्या की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न बदलतात. परीक्षेच्या दिवसांत ‘मुलाचे डोके दुखते, नंबर तर लागला नसेल?’ असे विचारतात. सुट्यांमध्ये दुसरा प्रश्न येतो. ‘डॉक्टरसाहेब, मुलाने व्हिडिओ गेमचा कन्सोल घेतला आहे. घरातला टीव्ही त्याच्या वाट्याला येत नाही. आता तो संगणकाचा मॉनिटर मागतो. घेऊन द्यावा का? डोळे तर खराब होणार नाहीत?’ नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा कुठेही जा, शाळकरी मुलांच्या घरांत हा विषय निघतोच. म्हणून आजच्या लेखात याच प्रश्नाचा विचार करू.

उत्तर आधीच सांगून ठेवतो. मॉनिटर हा काही विषारी पदार्थ नव्हे. टीव्ही आणि मॉनिटर यांच्या पडद्यात डोळ्यांच्या दृष्टीने मोठा फरक नाही. फरक आहे तो अंतरात. टीव्ही भिंतीवर असतो आणि मूल खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसते. मॉनिटर टेबलावर येतो आणि मूल त्याच्या पुढ्यात जाऊन बसते. आठ फुटांचे अंतर दोन फुटांवर येते. डोळ्यांची खरी कसोटी इथे लागते.

मॉनिटर का हवा असतो?

नव्वदच्या दशकात अनेक घरांत काडतूस घालून खेळायचे व्हिडिओ गेम आले होते. ते ॲन्टेनाच्या वायरने टीव्हीला जोडावे लागत. चित्र धूसर असे. पुढे ‘हाय डेफिनिशन’ म्हणजे अतिस्पष्ट चित्राचे युग आले. २००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ या कन्सोलला एचडीएमआय नावाची जोडणी होती. एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. आजच्या टीव्हीला आणि मॉनिटरला, दोघांनाही हीच वायर लागते. त्यामुळे कन्सोल मॉनिटरला जोडणे अगदी सोपे झाले. भारतात प्लेस्टेशन ५ ची विक्री फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाली, त्यालाही हीच सोय आहे.

मुले मॉनिटर मागतात त्याला आणखी एक कारण आहे आणि ते खोटे नाही. टीव्ही आलेले चित्र सुधारून, रंग खुलवून दाखवतो. या कामात सेकंदाचा काही अंश खर्च होतो. बटण दाबले आणि पडद्यावरचा खेळाडू किंचित उशिरा हलला, तर खेळणाऱ्याला ते जाणवते. मॉनिटरमध्ये हा उशीर कमी असतो. पण पालकांनी हेही जाणून घ्यावे की, आजच्या बहुतेक टीव्हींमध्ये ‘गेम मोड’ नावाची सोय असते. ती चालू केली की टीव्ही ही रंगरंगोटी बाजूला ठेवतो आणि उशीर बराच कमी होतो. मॉनिटरचा खर्च करण्यापूर्वी टीव्हीवर ही सोय लावून पाहावी. दूरचा पडदा असताना जवळचा कशाला आणावा?

डोळ्याला जवळचे पाहताना काय करावे लागते?

डोळ्याच्या आत एक लवचीक भिंग असते. दूरची वस्तू पाहताना त्याच्या भोवतीचा स्नायू सैल असतो. वस्तू जवळ आली की स्नायू आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि चित्र नेत्रपटलावर स्पष्ट उमटते. याला समायोजन म्हणतात. हे काम डायॉप्टर या एककात मोजतात. चष्म्याचा नंबरही याच एककात असतो.

हिशेब सोपा आहे. अडीच मीटरवर, म्हणजे सुमारे आठ फुटांवर टीव्ही असेल तर डोळ्याला ०.४ डायॉप्टर इतके काम करावे लागते. साठ सेंटिमीटरवर, म्हणजे दोन फुटांवर मॉनिटर असेल तर सुमारे १.७ डायॉप्टर. आणि २५ सेंटिमीटरवर मोबाइल धरला तर ४ डायॉप्टर. याचा अर्थ मॉनिटरपुढे डोळ्याला टीव्हीच्या चौपट आणि मोबाइलवर दसपट काम पडते. म्हणून मूल मोबाइल सोडून मॉनिटरवर खेळत असेल तर ती सुधारणाच आहे. टीव्ही सोडून मॉनिटरवर आले असेल तर मात्र थोडी काळजी घ्यायला हवी.

दहा वर्षांच्या मुलाची समायोजनाची ताकद १२ डायॉप्टरहून अधिक असते. त्यामुळे ते तक्रार करीत नाही. तीन तास खेळूनही ‘काही होत नाही’ असेच सांगते. मुलाची तक्रार नाही म्हणजे डोळ्यांवर ताण नाही, असे समजू नये. उलट चाळिशी उलटलेल्या वडिलांनी मुलाबरोबर तासभर खेळून पाहावे. ही ताकद वयाबरोबर घटत जाते आणि डोळे लगेच जड होतात.

जवळ बसल्याने चित्र चांगले दिसते का?

मुलांचा हा समज अगदी पक्का असतो. तो तपासून पाहू. पूर्ण हाय डेफिनिशन चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे सगळे मिळून २० लाखांहून अधिक ठिपके. २४ इंची मॉनिटरवर असा एक ठिपका पाव मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखू शकतो. यावरून गणित मांडले तर साधारण तीन फुटांवर हे ठिपके एकमेकांत मिसळून चित्र एकसंध दिसते. २७ इंची मॉनिटरसाठी हेच अंतर साडेतीन फूट येते. म्हणजे तीन-साडेतीन फुटांपेक्षा पुढे सरकल्याने चित्र अधिक सुंदर होत नाही. उलट त्याचे ठिपके दिसू लागतात.

कन्सोलची एक मोठी सोय इथे उपयोगी पडते. कार्यालयात संगणकावर काम करणाऱ्याला कळफलकाजवळ बसावेच लागते. कन्सोल खेळणाऱ्याच्या हातात सुटा कंट्रोलर असतो. त्याला टेबलाला चिकटून बसण्याचे काहीच कारण नाही. खुर्ची मागे घेतली की झाले. जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने रेघ मारावी आणि ‘खुर्ची या रेघेच्या पुढे येणार नाही’ असा घरात नियम करावा. खेळातली अक्षरे बारीक वाटत असतील तर खेळाच्या मांडणीत अक्षरे मोठी करण्याची सोय आहे का ते पाहावे. अक्षरे मोठी करणे हा उपाय, पुढे सरकणे नव्हे.

रेघ मारूनही मूल सारखे पुढे सरकत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, तर रागावू नका. त्याला आधीच दूरचे दिसत नसेल. पुढे सरकणे हे तिथे कारण नसून लक्षण असते. असे मूल वर्गात फळ्यावरचेही शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असते. त्याचे डोळे लगेच तपासून घ्यावेत.

नंबर का वाढतो?

लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अंधूक दिसणे. या दोषात डोळ्याचा गोल मागेपुढे लांबट होतो. वाढत्या वयात तो लांबत राहतो आणि नंबर वाढत जातो. नंबर फार वाढला तर पुढील आयुष्यात नेत्रपटल सुटणे, काचबिंदू होणे असे धोके वाढतात. म्हणून लहानपणी नंबर लवकर लागू न देणे आणि लागला तर तो वेगाने वाढू न देणे महत्त्वाचे आहे. चष्मा लावला म्हणून नंबर वाढतो हा समज चुकीचा आहे. चष्मा टाळून काही मिळत नाही, फक्त मुलाचा अभ्यास मागे पडतो.

सारा दोष पडद्याचाच, असे म्हणणे घाईचे ठरेल. आईवडिलांना नंबर असणे, सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर न जाणे अशी कारणे एकत्र येतात. यातले शेवटचे कारण आपल्या हातात आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटे जास्त घराबाहेर नेण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत बाहेर जास्त वेळ राहिलेल्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. नेहमीसारख्या राहिलेल्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. तैवानमध्ये तर २०१० पासून शाळांतील मुलांनी रोज दोन तास उघड्यावर घालवावेत असा कार्यक्रमच राबवला गेला.

यामागचे कारण म्हणजे उजेड. घरात दिवा लावल्यावर जो प्रकाश असतो तो काहीशे लक्स इतका असतो. बाहेर दिवसा तो दहा हजार लक्सच्याही वर जातो. झाडाच्या सावलीतसुद्धा तो घरातल्यापेक्षा कितीतरी पट असतो. भरपूर प्रकाशात नेत्रपटलात डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि ते डोळ्याचा गोल लांबण्याला आळा घालते, असे शास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे उजेडाला तोटा नाही! मात्र एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी मुलांना उन्हात पाठवू नये. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर अंगणात, मैदानावर, लिंबाच्या सावलीत खेळू द्यावे. सूर्याकडे थेट पाहू नये, हे मुलांना आवर्जून सांगावे. एक तास मॉनिटर हवा असेल तर आधी एक तास मैदान, असा व्यवहार घरात ठरवावा.

डोळे कोरडे का पडतात?

आपण एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. खेळात जीव रंगला की ही उघडझाप निम्म्याहूनही कमी होते. अश्रू वाळतात, डोळे चुरचुरतात, लाल होतात आणि मग उलट पाणी गळू लागते. आपल्या भागातल्या कोरड्या उन्हाळ्यात, पंख्याचा किंवा कूलरचा झोत सरळ तोंडावर येत असेल, तर हा त्रास दुप्पट होतो. कूलर चालू ठेवावा, पण त्याचे तोंड वळवावे. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. नजर खाली असली की पापणी डोळ्याचा अधिक भाग झाकते आणि अश्रू कमी वाळतात.

दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, असा एक नियम जगभर सांगितला जातो. खेळाची एक फेरी संपली की खिडकीतून दूरच्या झाडाकडे पाहावे, दहा वेळा सावकाश पापण्या मिटाव्यात.

डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून कुणी दिले ते थेंब घालू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने आधी बरे वाटते, पण सल्ल्याशिवाय ते चालू ठेवले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मध, दूध, गुलाबपाणी हेही डोळ्यांत घालू नये.

निळ्या किरणांपासून वाचवणारे महागडे चष्मे हल्ली फार खपतात. २०२३ साली सतरा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण साध्या चष्म्यापेक्षा कमी होतो असे त्यात दिसले नाही. ते पैसे वाचवावेत आणि मुलाला चांगली खुर्ची घ्यावी.

अंधार आणि चमक

खोलीत अंधार करून खेळण्याची मुलांना हौस असते. ते टाळावे. मागे एक साधा दिवा चालू असावा आणि मॉनिटरची चमक बेताची ठेवावी. नवा मॉनिटर बहुधा भडक चमकेवर लावलेला येतो. पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून पाहावा. पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर चमक कमी करावी. खिडकी पडद्याच्या बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागे नको.

वडीलधारी माणसे ‘त्यातून किरणे निघतात’ असे म्हणतात. या भीतीला जुना आधार आहे. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत टीव्ही संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले होते. ते काचेच्या मोठ्या नळीचे संच होते. आजच्या सपाट पडद्यात ती नळीच नाही. ती भीती मनातून काढून टाकावी.

एक धोका मात्र लक्षात असू द्यावा. अपस्मार म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांपैकी शेकडा सुमारे तिघांना झगमगणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टून कार्यक्रमात लाल-निळा प्रकाश वेगाने लखलखला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. अंधारी खोली, जवळचा पडदा आणि अपुरी झोप यांनी हा धोका वाढतो. घरात कोणाला फिट येत असेल तर खेळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. खेळताना डोळ्यांपुढे विचित्र दिसू लागले किंवा हातपाय झटके देऊ लागले, तर एक डोळा तळहाताने झाकून लगेच तोंड फिरवावे. झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काही होत नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

कान, मान आणि अंगठा

पुष्कळशा मॉनिटरना स्पीकर नसतो. त्यामुळे मूल कानाला हेडफोन लावते आणि गोळीबाराचे आवाज तासन् तास थेट कानात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. आवाज त्यापेक्षा वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. घरात मोजण्याचे यंत्र नसते. म्हणून आवाज निम्म्याच्या आसपास ठेवावा, आणि हाताच्या अंतरावरून मारलेली हाक मुलाला ऐकू आली पाहिजे एवढे पाहावे. खेळानंतर कानात गुंइं असा नाद राहत असेल तर आवाज जास्त होता असे समजावे. स्वस्तातला लहान स्पीकर जोडणे हा उत्तम उपाय.

पाठीला आधार, तळपाय जमिनीवर, कोपर सैल, अशी बैठक असावी. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर चार-आठ दिवस खेळ बंद ठेवावा. तरीही दुखले तर दाखवावे.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशा मुलाने पाणी न पिता चार-चार तास खेळत बसणे धोक्याचे आहे. शरीरातील पाणी कमी झाले की वेदनेचा झटका येऊ शकतो. पाण्याचा तांब्या टेबलाशेजारी असलाच पाहिजे. सिकलसेलमध्ये नेत्रपटलाच्या रक्तवाहिन्यांनाही इजा होऊ शकते. त्यामुळे अशा मुलाला अंधूक दिसू लागले तर ‘गेममुळे झाले असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

किती वेळ खेळावे?

दोन वर्षांखालील बाळाला पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. शाळकरी मुलांना मी सुटीच्या दिवशी एक ते दीड तास, तोही तुकड्या-तुकड्यांनी सांगतो. झोपेच्या तासभर आधी खेळ बंद. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि त्यापुढील मुलांना ८ ते १० तास झोप लागते. ती खेळापायी कमी होता कामा नये.

खेळावरचा ताबाच सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, ही लक्षणे साधारण वर्षभर राहिली तर तो आजार मानावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत नमूद आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा आहे. आपल्याला घरबसल्या सल्ला हवा असेल तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. मात्र सुटीत दोन तास खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो. कन्सोल फोडून किंवा मारझोड करून काही साधत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) आधी टीव्हीवर गेम मोड लावून पाहा, मग मॉनिटरचा विचार करा.
२) मॉनिटर घेतलाच तर खुर्ची किमान तीन फूट मागे, जमिनीवर रेघ मारून.
३) खोलीत दिवा, चमक बेताची, कूलरचा झोत बाजूला.
४) दर वीस मिनिटांनी दूर पाहणे आणि पापण्या मिटणे.
५) हेडफोनऐवजी स्पीकर, शेजारी पाण्याचा तांब्या.
६) जितका वेळ पडद्यापुढे, किमान तितका वेळ उघड्यावर.
७) वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी. जिल्हा रुग्णालयात नेत्रतपासणी होते. शाळेत तपासणी पथक येईल त्या दिवशी मुलाला गैरहजर ठेवू नका.

मॉनिटर घरात आणायचा की नाही हे आपण आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवा. आणलात तर त्याच दिवशी खडू घ्या, मोजपट्टी घ्या आणि मुलाच्याच हाताने ती तीन फुटांची रेघ मारून घ्या.